कोळंबीची प्रतिकारशक्ती विकत घेताना: ग्लुकानच्या भुकटीपासून रोगप्रतिरोधक बीजापर्यंत एक परखड परीक्षण

'इम्युनिटी' या एका नावाखाली कोळंबीपालकाला निदान सहा वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात: यीस्टच्या भित्तिकेची भुकटी (ग्लुकान), जिवाणूंची पाकिटं, जीवनसत्त्वांचे मिश्रणडबे, 'लस' म्हणून येणारे द्रव, रोगकारकाचं जनुक शोधणाऱ्या पीसीआर चाचणीची सेवा आणि रोगमुक्त किंवा रोगप्रतिरोधक बीज, म्हणजे तलावात सोडायची पिल्लं. यांतल्या कशाला किती महत्त्व द्यावं याचा आमचा क्रम सुरुवातीलाच सांगतो. आधी बीज, मग चाचणी, मग पाणी. उरलेल्या पैशांत जिवाणू आणि ग्लुकान. बाकीचं नसलं तरी चालतं. बहुतेक शेतांवर खरेदी नेमकी उलट्या क्रमाने होते, कारण भुकटीचा डबा हातात धरता येतो आणि बीजाचा वंश डोळ्यांना दिसत नाही.

दावे तपासायचे तर कोळंबीच्या अंगात काय आहे आणि काय नाही ते आधी माहीत हवं. कोळंबी, खेकडे, कालवं, शिंपले यांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होत नाहीत, लिम्फोसाइट पेशी नसतात. त्यामुळे माशाला किंवा कोंबडीला लस टोचून जी दीर्घ स्मृती मिळते तशी इथे मिळत नाही. इथे सगळा भार जन्मजात यंत्रणेवर: बाहेर कवच, आत आतड्याचं अस्तर आणि रक्तात फिरणाऱ्या हिमोसाइट पेशी. कोळंबीत त्या तीन प्रकारच्या असतात – कणरहित, अर्धकणीदार आणि कणीदार. कणीदार पेशींत प्रोफिनॉलऑक्सिडेज हे विकर निष्क्रिय रूपात भरून ठेवलेलं असतं. जिवाणूच्या भित्तिकेतला लिपोपॉलिसॅकराइड किंवा बुरशी-यीस्टच्या भित्तिकेतला बीटा-१,३-ग्लुकान अत्यल्प प्रमाणात जरी ओळखला गेला तरी प्रथिनं तोडणाऱ्या विकरांची साखळी सुरू होते, निष्क्रिय विकर सक्रिय होतं आणि त्यातून मेलॅनिन बनतं. जखम झालेल्या शेपटीवर किंवा कल्ल्यावर दिसणारा काळा डाग तो हाच. जोडीला ट्रान्सग्लुटामिनेजने होणारं रक्ताचं गोठणं, पेनिडिन आणि क्रस्टिनसारखी जिवाणूनाशक पेप्टाइडं, आणि विषाणूंविरुद्ध आरएनए कापून टाकणारी एक वेगळी व्यवस्था.

यातून खरेदीदाराच्या कामाच्या तीन गोष्टी निघतात. बाहेरून चेतवलेली ही यंत्रणा काही दिवस, फार तर काही आठवडे चढलेली राहते आणि मग उतरते. एकदा दिलेला डोस हंगामभर पुरत नाही. दुसरं, चेतवण्याची किंमत प्राण्यालाच मोजावी लागते. मेलॅनिन बनताना तयार होणारे क्विनोन आणि क्रियाशील ऑक्सिजन स्वतःच्या ऊतींनाही जाळतात, शिवाय वाढीची ऊर्जा तिकडे वळते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: विरघळलेला ऑक्सिजन घसरला, अमोनिया चढला किंवा कोळंबी कात टाकत असली की हिमोसाइटची संख्या आणि त्यांचा जोर दोन्ही पडतात. ती पडझड कुठल्याही डब्याने भरून निघत नाही.

बीटा-ग्लुकान: माल चांगला, वापर बहुधा चुकीचा

भुकट्यांमध्ये ज्याच्या मागे खरोखर जीवशास्त्र उभं आहे असा हा एकच माल. बेकरी-यीस्टच्या पेशीभित्तिकेतला बीटा-१,३/१,६-ग्लुकान कोळंबीच्या हिमोसाइटना बुरशीचा हल्ला झाल्यासारखा भासतो आणि वर सांगितलेली साखळी सुरू होते. प्रयोगांत याने फिनॉलऑक्सिडेजची क्रिया वाढते, भक्षण करणाऱ्या पेशी अधिक सक्रिय होतात आणि व्हिब्रिओ या रोगकारक जिवाणूच्या किंवा पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूच्या आव्हानात (मुद्दाम लागण करून घेतलेल्या चाचणीत) जगण्याचं प्रमाण सुधारल्याचे निकाल आहेत. मात्र सुधारणा म्हणजे अभय नव्हे. विषाणूचा भार जास्त असला तर ग्लुकान खाल्लेली कोळंबीही मरते, कधी दोन-तीन दिवस उशिरा.

लेबल वाचताना पहिला प्रश्न: ग्लुकान किती टक्के आणि कुठला? शुद्ध केलेल्या मालात ६० ते ८० टक्के किंवा जास्त बीटा-ग्लुकान असतो. 'यीस्ट सेल वॉल' म्हणून येणाऱ्या मालात तो साधारण पाव हिस्साच. बाकी मॅनन, प्रथिनं, राख. दोन्ही डब्यांवर डोस मात्र सारखाच छापलेला असतो. खाद्याच्या किलोमागे शुद्ध ग्लुकान १ ते २ ग्रॅम हा नेहमीचा पल्ला धरला तर २५ टक्क्यांचा माल ४ ते ८ ग्रॅम लागेल. हा हिशेब न करता डबे तोलले की स्वस्त दिसणारा डबा महाग पडतो. दुसरी गफलत 'एकूण ग्लुकान' या आकड्यात आहे. आम्ल वापरून केलेल्या साध्या परीक्षणात स्टार्च आणि ग्लायकोजेनमधला अल्फा-ग्लुकानही मोजला जातो, त्यामुळे मैदा मिसळलेला मालही देखणा आकडा देतो. पुरवठादाराकडून अल्फा-ग्लुकानचा आकडा वेगळा मागावा आणि तो एकूणातून वजा करावा. ओट किंवा बार्लीचा ग्लुकान १,३/१,४ जोडणीचा असतो. त्याला यीस्टच्या ग्लुकानचा पर्याय म्हणून विकलं तर घेऊ नये.

आता वेळापत्रक. रोज, पूर्ण हंगामभर देणं ही सगळ्यात सर्रास चूक. सततच्या चेतवणीने प्रतिसाद आधी चढतो, मग ओसरतो आणि लांब चाललेल्या प्रयोगांत संरक्षण घटल्याचंही दिसलं आहे. ७ ते १० दिवस द्यावं, मग दोन-तीन आठवडे थांबावं. हा हप्ता कधी द्यायचा ते अंदाजाने ठरवू नये. धोका कधी आहे ते आपल्याला बऱ्याचदा आधी कळतं: बीज नर्सरीतून मोठ्या तलावात हलवताना, मोठ्या पावसाने क्षारता पडण्याआधी, तापमान उतरण्याच्या सुमाराला. त्याच्या आठवडाभर आधी हप्ता सुरू व्हायला हवा. मर लागल्यावर देण्यात अर्थ नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात हिमोसाइट आधीच संपत आलेल्या असतात, आणि आजारी कोळंबी खाद्याकडे फिरकतच नाही. तेव्हा जे खातात ते निरोगीच, म्हणजे औषध पोचतं ते ज्यांना तूर्त गरज नाही त्यांच्याकडे.

लेपनाची रीत नीट सांगतो, कारण अर्धा माल इथेच वाया जातो. १० किलो खाद्यासाठी मोजलेली भुकटी ३०० ते ४०० मिलिलिटर स्वच्छ पाण्यात ढवळून घ्यावी. ती विरघळणार नाही, फक्त पसरेल. म्हणून शिंपडतानाही ढवळत राहावं, नाहीतर अर्धा ग्लुकान भांड्याच्या तळाशी बसतो. प्लास्टिकच्या पत्र्यावर पसरलेल्या खाद्यावर हे पाणी फवाऱ्याने मारावं, खालून वर उलटत राहावं आणि दाण्यांनी पाणी ओढून घेईपर्यंत १५ ते २० मिनिटं थांबावं. मग १०० ते १५० मिलिलिटर फिश ऑइल किंवा जेलसारखा बाइंडर हलक्या हाताने चढवावा आणि सावलीत अर्धा तास सुकवावं. तेल आधी आणि भुकटी नंतर असा क्रम उलटला की भुकटी दाण्यावर नुसती चिकटून बसते आणि पाण्यात पडताच सुटते. कोळंबी दाणा गिळत नाही. तोंडाबाहेर धरून कुरतडते, त्यात वेळ जातो. म्हणून एक साधी तपासणी: मूठभर लेपलेले दाणे काचेच्या ग्लासात तलावाच्या पाण्यात सोडा आणि १० मिनिटांनी पाहा. पाणी दुधाळ झालं असेल तर तुम्ही ग्लुकान तलावाला खाऊ घालता आहात.

जास्त दिलं म्हणजे जास्त काम होतं हा समज इथे थेट नुकसानीचा आहे. दुप्पट डोसवर वाढ मंदावलेली दिसते, आणि दोष मात्र खाद्याला दिला जातो.

जीवनसत्त्वं, अस्टाझॅन्थिन, वनस्पती-अर्क

थोडक्यात आटोपतो. क जीवनसत्त्व कोळंबीला लागतंच. कमी पडलं की कवचाखाली काळे डाग दिसतात, कात नीट सुटत नाही. पण साधं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल गोळी बनवतानाच्या उष्णतेत जातं आणि जे उरतं ते पाण्यात झरझर सुटतं. डब्यावर अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट, मोनो किंवा पॉली, असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो डबा ठेवून द्यावा. अस्टाझॅन्थिन किलोमागे ५० ते १०० मिलिग्रॅम या पल्ल्यात रंग आणि ताण सोसण्याची क्षमता दोन्ही सुधारतं, खाद्यात ते आधीच असेल तर वरून घालण्याचा फायदा नाही. समुद्री शेवाळातल्या फ्युकॉइडनवर चांगले प्रयोग झालेले आहेत. मात्र बाजारात मिळणाऱ्या अर्कांत तो किती आहे हे क्वचितच छापलेलं असतं. घटकांची टक्केवारी न देता 'सोळा वनस्पतींचा गुप्त मिलाफ' देणाऱ्या मालावर चर्चा करण्यासारखं काही उरत नाही.

जिवाणूंची पाकिटं

बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस ही जोडी बहुतेक पाकिटांत सापडते, आणि निवड रास्त आहे. हे जिवाणू बीजाणू बनवतात, म्हणून साठवण आणि खाद्याची उष्णता सोसतात. आतड्यात व्हिब्रिओला जागा आणि अन्न मिळू न देणं, तळाचा सेंद्रिय गाळ खाणं, आणि काही वाणांत व्हिब्रिओचे आपापसातले रासायनिक संकेत तोडणं अशी त्यांची कामं.

पाकिटावर ग्रॅममागे १० कोटी ते १०० कोटी जिवंत जिवाणू असा दावा असतो. तो तपासणं कठीण नाही. प्रयोगशाळेला सांगा: नमुना पाण्यात कालवून ८० अंशांवर १० मिनिटं ठेवा, मग पातळ करून प्लेटवर पसरा. साध्या पेशी मरतात, बीजाणू उगवतात. उगवलेला आकडा लेबलच्या दहाव्या हिश्शापेक्षाही खाली आला तर माल जुना आहे किंवा कधीच भरलेला नव्हता.

गुळाच्या पाण्यात २४ तास 'जागवून' टाकण्याची पद्धत लोकप्रिय आहे आणि तिच्यात मोठा धोका आहे. उघड्या पिंपात, तलावाच्याच कच्च्या पाण्यात गूळ घातला की आपला बॅसिलस वाढेलच असं नाही. व्हिब्रिओलाही तोच गूळ गोड लागतो आणि तो वेगाने वाढतो. जागवायचंच असेल तर उकळून थंड केलेलं पाणी, झाकण, हवेचा पुरवठा आणि टाकण्याआधी व्हिब्रिओ वाढवून दाखवणारी एक टीसीबीएस प्लेट. त्या प्लेटवर कुठल्याही रंगाच्या वसाहती दिसल्या तर पिंप ओतून द्यावं, तलावात नव्हे.

याच प्लेटविषयी एक गैरसमज पक्का बसलेला आहे: पिवळी वसाहत चांगली, हिरवी वाईट. हा रंग फक्त साखर आंबवण्याचा. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हिरवा येतो हे खरं, पण एएचपीएनडी हा कोळंबीचा जीवघेणा रोग घडवणारा प्लाझमिड (जिवाणूतला सुटा डीएनए) त्यात आहे की नाही हे रंगावरून कळत नाही, आणि रोगकारक व्हिब्रिओंतले काही पिवळेही असतात. रंग हा पाण्याच्या कलाचा इशारा म्हणून धरावा, निदान म्हणून नव्हे.

क्लोरीन मारून पाणी पूर्ण निर्जंतुक केल्यावर लगेच बीज सोडणाऱ्यांना जिवाणूंची खरी गरज असते. मोकळ्या झालेल्या पाण्यात सगळ्यात आधी परततो तो वेगाने वाढणारा व्हिब्रिओ. क्लोरीन उतरल्यावर प्रोबायोटिक घालून, पाणी काही दिवस पिकू देऊन मगच बीज सोडावं. आमच्या मते या मालाचा सगळ्यात मोल देणारा वापर हाच. इएचपी या सूक्ष्मबीजाणू परजीवीवर मात्र ही पाकिटं चालत नाहीत. तळातल्या त्याच्या बीजाणूंना बॅसिलसचं काही सोयरसुतक नाही. तिथे काम करतो तो चुना: हेक्टरी ६ टन कळीचा चुना, कोरडा तळ १० ते १२ सेंटिमीटर नांगरून त्यात मिसळायचा, मग ओलावा द्यायचा, म्हणजे पीएच १२ च्या वर जाऊन काही दिवस तिथे राहील. हा सगळा खटाटोप कोरड्या चुन्याने केला आणि पाणी शिंपडायचं राहिलं तर पीएच चढतच नाही.

'लस' म्हणून येणारे द्रव

घेऊ नयेत. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूतलं व्हीपी२८ हे आवरणप्रथिन खाऊ घालून किंवा विषाणूच्या जनुकाशी जुळणारा दुहेरी धाग्याचा आरएनए टोचून प्रयोगशाळेत संरक्षण मिळालेलं आहे. विज्ञान म्हणून ते गंभीर आहे. पण टोचणी एकेका कोळंबीला द्यावी लागते, आणि लाखो बीजांच्या तलावात ते शक्य नाही. तोंडावाटे दिलेला आरएनए आतड्यात तुटू नये यासाठी वेगळं आवरण लागतं, आणि संरक्षण मिळालं तरी ते थोडे दिवसच टिकतं. बाटलीवर विषाणूचं नाव, प्रथिनाचं नाव, मात्रा आणि आव्हान-चाचणीचा निकाल यांतलं काहीच नसेल तर आत काय आहे हे विक्रेत्यालाही माहीत नसण्याचीच शक्यता जास्त. प्रतिजैविक मिसळलेले काही द्रवही याच कपाटात सापडतात. विषाणूवर त्यांचा परिणाम शून्य, आणि अवशेष सापडले तर माल निर्यातीतून परत येतो.

पीसीआर सेवा: कागदावरचा 'निगेटिव्ह' कसा वाचावा

इथे खर्च केलेला पैसा सगळ्यात जास्त वसूल होतो. अट एकच: नमुना कसा घेतला ते तुम्हाला माहीत हवं. समजा टाकीतल्या २ टक्के बीजात विषाणू आहे. तो ९५ टक्के खात्रीने सापडायला साधारण १५० पिल्लं लागतात. ५ टक्क्यांसाठी ६०, १० टक्क्यांसाठी ३० पुरतात. हॅचरीच्या प्रमाणपत्रावर 'निगेटिव्ह, नमुना १० पिल्लं' असं असेल तर त्या कागदाचा अर्थ एवढाच की टाकीतलं पाव बीजही बहुधा बाधित नाही. त्यापलीकडे तो काही सांगत नाही. जाळं टाकून वरच्या थरातली चपळ पिल्लं धरायची नाहीत. तळ, कोपरे, एअर स्टोनपासून लांबच्या जागा, आणि मुद्दाम दुबळी, रंग गेलेली पिल्लं असं सगळं मिसळावं.

पिल्लं ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, नमुन्याच्या दसपट आकारमानात टाकावीत. फॉर्मलिनमध्ये नाही, त्याने डीएनए तुटतो आणि बांधलाही जातो. मोठ्या पिल्लांचे डोळे काढून पाठवावेत, डोळ्यांतल्या रंगद्रव्यामुळे पीसीआर दडपला जातो. अवयवही रोगाप्रमाणे बदलतो आणि प्रयोगशाळेने तो विचारला नाही तर तीच धोक्याची खूण. पांढऱ्या ठिपक्यांसाठी कल्ले किंवा पोहण्याचे पाय. हा विषाणू हेपॅटोपॅन्क्रियासच्या (कोळंबीच्या पचनग्रंथीच्या) नलिकांत शिरत नाही, म्हणून तिथला नमुना खोटा दिलासा देतो. इएचपीसाठी नेमकं उलट: हेपॅटोपॅन्क्रियास किंवा विष्ठा. एएचपीएनडीसाठी जठर आणि आतडं, शक्य असेल तर जिवाणू आधी वाढवून घेऊन.

अहवालात चार गोष्टी मागाव्यात. सकारात्मक आणि नकारात्मक नियंत्रण, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेले तुलनेचे नमुने, दाखवलेलं हवं. कोळंबीच्या स्वतःच्या जनुकाचं अंतर्गत नियंत्रण उमटलेलं हवं. ते नसेल तर 'निगेटिव्ह' म्हणजे डीएनएच निघाला नाही इतकाच अर्थ. एएचपीएनडीसाठी नुसतं 'व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस आढळला' पुरत नाही. हा रोग २००९च्या सुमारास चीनमध्ये दिसला आणि २०१३ साली त्यामागचा जिवाणू ओळखला गेला; मारतात ती त्या जिवाणूतल्या एका प्लाझमिडवरची पीरए आणि पीरबी ही विषं, हे त्यानंतर समजलं. चाचणी त्या विषाच्या जनुकांवर असायला हवी. इएचपीसाठी जनुक कुठलं ते विचारा; रायबोसोमच्या जनुकावरची जुनी चाचणी इतर सूक्ष्मबीजाणूंनाही पकडते, बीजाणूच्या भित्तिकेतल्या प्रथिनाच्या जनुकावरची अधिक नेमकी आहे.

या सेवेला जोडून एक फुकटातली तपासणी असते ती सोडू नये. शंभर पिल्लं हॅचरीच्या क्षारतेतून गोड्या पाण्यात ३० मिनिटं, मग परत मूळ पाण्यात ३० मिनिटं. ८० च्या वर जगली तर बीज दमदार. सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीच्या सहाव्या खंडात स्नायू आणि आतड्याच्या जाडीचं प्रमाण ४ ला १ च्या आसपास हवं. पीसीआर स्वच्छ आणि हे दोन्ही नापास, असं बीज उचलू नये.

हॅचरीचा एक प्रश्न मात्र विसरला जातो: प्रजनकांना जिवंत समुद्री किडे खाऊ घालता का? इएचपी तिथून शिरतो. उणे २० अंशांवर निदान दोन तास गोठवल्याने त्याचे बीजाणू निकामी होतात. त्याच गोठवणीने पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू मरत नाही, म्हणून 'आम्ही गोठवतो' हे उत्तर अर्धंच आहे. किड्यांची पीसीआरही हवी.

बीज: खरी प्रतिकारशक्ती इथे मिळते

एसपीएफ (ठरावीक रोगांपासून मुक्त) आणि एसपीआर (ठरावीक रोगाला प्रतिरोधक) या दोन शिक्क्यांत गल्लत करणारी पत्रकं अजूनही छापली जातात. एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगांच्या यादीतला एकही रोग त्या वंशात नाही, हे लांब देखरेखीतून सिद्ध झालेलं. तो आरोग्याचा इतिहास आहे, ताकद नव्हे. एसपीएफ कोळंबी विषाणू असलेल्या तलावात सोडली तर इतर कोळंबीइतकीच, कधी जास्त वेगाने मरते. शिवाय यादीत नसलेल्या रोगाविषयी शिक्का काहीच म्हणत नाही, म्हणून यादी आणि तिची तारीख मागून घ्यावी. एसपीआर म्हणजे विशिष्ट रोगाला जनुकीय प्रतिकार असलेला वंश. त्या वंशात तो रोगकारक लपून असूही शकतो. दोन्ही शिक्के एकत्र हवे असतील तर ते दोन्ही वेगवेगळे सिद्ध झालेले हवेत.

प्रतिकार निवडीने वाढवता येतो याचा ठळक पुरावा टॉरा सिंड्रोम या कोळंबीच्या विषाणूरोगाचा. १९९२ साली इक्वेडोरमध्ये हा रोग पुढे आला, व्हनामी जातीच्या कोळंबीचे तलावच्या तलाव रिकामे झाले, आणि पुढच्या काही वर्षांत वाचलेल्या कुटुंबांतून निवड करत असे वंश तयार झाले की टॉराने घाबरवणं जवळपास थांबलं. पांढऱ्या ठिपक्यांच्या बाबतीत हीच गाडी रुतते. त्या प्रतिकाराचा वंशाने उतरणारा हिस्सा कमी आहे, आणि वाढीचा वेग व प्रतिकार यांच्यात उलटं नातं आढळलेलं आहे. विषाणू असलेल्या भागात सावकाश वाढणारं पण तगणारं बीज परवडतं. बंदिस्त, पाणी गाळून घेणाऱ्या शेतात वेगाने वाढणारं एसपीएफ. दोन्ही गुण पूर्णपणे देणारं बीज विकतो म्हणणाऱ्याकडे आव्हान-चाचणीचे कागद मागावेत: कुठला विषाणू-वाण, किती मात्रा, कुठल्या वयात, आणि त्याच टाकीत साध्या कुटुंबाचं जगण्याचं प्रमाण किती होतं. शेवटचा आकडा नसेल तर पहिल्या तिन्हींना किंमत नाही.

मोठ्या तलावातून मोठ्या कोळंबी निवडून तिथल्या तिथे बीज काढणाऱ्यांच्या मालापासून दूर राहावं. जवळच्या नात्यातल्या मिलनाने वाढ आणि तग दोन्ही घसरतात, आणि तलावातून उचललेला प्रजनक रोगाचा वाहक असण्याची शक्यता मोठी.

परिणाम झाला का, हे कसं ठरवायचं

एका तलावात भुकटी घातली, दुसऱ्यात नाही, आणि पहिला जास्त पिकला. यातून काहीच सिद्ध होत नाही. दोन तलाव एरवीही सारखे नसतात. निदान तीन आणि तीन तलाव, एकाच टाकीचं बीज, एकच खाद्य, चिठ्ठ्या टाकून वाटणी. तेवढे तलाव नसतील तर एकाच तलावात सहा हापे (जाळीचे पिंजरे) बांधावेत. रक्त तपासायचं असेल तर २६ गेजची सुई, सिरिंजमध्ये आधी रक्त गोठू न देणारं द्रव, आणि पोटाकडून पहिल्या खंडाच्या बुडाशी टोचून रक्त ओढावं. फक्त कात टाकून बरेच दिवस झालेल्या, कडक कवचाच्या कोळंबी घ्याव्यात, कारण कात टाकण्याच्या अवस्थेनेच हिमोसाइटची संख्या खालीवर होते आणि भुकटीचा परिणाम त्यात दडून जातो. व्हनामीत मिलिलिटरला एक कोटीच्या आसपास पेशी दिसतात. द्रव न घातलेला एक थेंब काचपट्टीवर ठेवून पाहावा: निरोगी कोळंबीचं रक्त लगेच घट्ट होतं. खूप वेळ पातळच राहिलं तर हिशेब थांबवून पीसीआरला नमुना पाठवावा.

कालवं आणि शिंपले

इथे भुकट्यांचा प्रश्नच मिटतो. कालवाला आपण खाद्य देत नाही. ते पाणी गाळून खातं, आणि मोकळ्या समुद्रात टाकलेला ग्लुकान भरतीबरोबर जातो. शिवाय त्याची यंत्रणा चेतवणं दरवेळी हिताचंही नाही. डर्मो हा कालवांचा रोग घडवणारा पर्किन्सस मरिनस हा परजीवी कालवाच्या हिमोसाइट स्वतः गिळतात, आणि तो त्यांच्या आतच वाढून त्यांच्यावर स्वार होऊन शरीरभर पसरतो.

म्हणून या धंद्यात विकत घेण्यासारखी वस्तू एकच, निवडलेलं बीज. अमेरिकेतल्या डेलावेअर खाडीत १९५७ साली एमएसएक्स या परजीवीजन्य रोगाने कालवांची वस्ती झोपवली आणि तिथे वाचलेल्या कालवांतून रटगर्स विद्यापीठात हॅरोल्ड हॅस्किन यांनी निवडीचं काम सुरू केलं. त्या वंशांचा वारसा आजच्या बीजात आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी रॉक कालवांत क्यूएक्स रोगाविरुद्ध निवड झाली, आणि तिथे प्रतिकाराचा संबंध फिनॉलऑक्सिडेजच्या क्रियेशी लागला. एका रोगाचा प्रतिकार दुसऱ्याला लागू पडत नाही हेही याच कामांतून कळलं: एमएसएक्सला तगणारी कालवं डर्मोने मेली.

प्रशांत कालवाच्या पिल्लांना मारणारा हर्पीस विषाणू २००८पासून फ्रान्समध्ये उग्र रूपात पसरला. पाणी १६ अंशांच्या वर गेलं की त्याची मर सुरू होते. त्यामुळे बीज कितीही निवडलेलं असलं तरी ते पाण्यात सोडण्याची तारीख तापमानावर ठरवावी. एमएसएक्सच्या भागात हजारी १० भागांपेक्षा कमी क्षारतेच्या जागा उपयोगी पडतात, तिथे तो परजीवी टिकत नाही. डर्मो मात्र कमी क्षारतेत दबतो, नाहीसा होत नाही. आणि प्रतिरोधक कालव रोग अंगावर घेऊनही जगू शकतं, म्हणून एका खाडीतून दुसरीकडे नेताना पीसीआर लागतेच. रोगाचं नाव, चाचणी झाली ती जागा आणि शेजारी ठेवलेल्या साध्या बीजाचा मरीचा आकडा, ही तीन उत्तरं विक्रेता देऊ शकत नसेल तर त्याचं 'प्रतिरोधक' बीज साध्या बीजाच्या दरानेच मागावं.